पाणी दिले, खत दिले. झाडापर्यंत पोहोचले का?

‘जमीन ओली आहे, तरी रोपे माना टाकतात.’ ‘खताचे दोन डोस झाले, पाने पिवळी ती पिवळीच.’ ‘कॅल्शियम फवारले, तरी टोमॅटोचे बूड काळे पडते.’ शेतकरी हे प्रश्न विचारतात, तसेच गच्चीवर कुंड्या लावणारेही विचारतात. हंगाम बदलतो, प्रश्न बदलत नाहीत. उत्तराच्या शोधात बहुतेक जण कृषी सेवा केंद्रात जातात आणि आणखी एक बाटली घेऊन परत येतात.

ती बाटली घेण्याआधी हा लेख वाचा. जमिनीत असलेले पाणी आणि अन्नद्रव्य पानाला किंवा फळाला मिळेलच असे नाही. मधल्या वाटेत ते कुठे अडले आहे हे आधी शोधायचे. काय द्यायचे, कोणत्या मार्गाने द्यायचे, की उलट देणेच थांबवायचे, हे त्यावरून ठरते. या तपासणीसाठी खुरपे, धारदार चाकू आणि काचेचा एक ग्लास पुरतो.

निर्णयापुरते एवढे लक्षात ठेवा

- जलवाहिन्या: मुळांनी घेतलेले पाणी आणि त्यात विरघळलेली अन्नद्रव्ये या वाटेने वर जातात. या वाहिन्या मृत, पोकळ पेशींच्या असतात. पानांच्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीने खालचे पाणी सलग वर खेचले जाते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असे वाफ होऊन जाते.
- रसवाहिन्या: पानांत तयार झालेली साखर या वाटेने शेंड्याकडे, फुलाफळांकडे आणि मुळ्यांकडे जाते. या पेशी जिवंत असतात. आंबा, डाळिंब, संत्रा, द्राक्ष यांसारख्या झाडांत त्या सालीच्या आतल्या थरात असतात. म्हणून साल सोलली की ही वाट तुटते.
- पांढरी मुळी: पाणी आणि अन्नद्रव्ये मुख्यतः कोवळ्या पांढऱ्या मुळ्यांच्या टोकाजवळून, तिथल्या केसांसारख्या बारीक तंतूंमधून आत जातात. या मुळ्यांना हवा लागते. माती पाण्याने भरून गेली की त्यांना श्वास घेता येत नाही आणि आजूबाजूला पाणी असूनही ते ओढून घेता येत नाही. वाफसा, म्हणजे मातीत ओलावा आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, महत्त्वाची आहे ती यासाठीच.

पायरी १ : कोमेजणे दिवसाच्या कोणत्या वेळी दिसते?

एकाच झाडाकडे दिवसातून तीनदा पाहा: सूर्योदयाला, दुपारी दोनच्या सुमारास आणि दिवस मावळताना.

- दुपारी मान टाकते, संध्याकाळी उभे राहते. उन्हात पाने जेवढी वाफ सोडतात, तेवढे पाणी त्या वेळी मुळांकडून येत नाही. काकडी, भोपळा, दोडका यांसारख्या मोठ्या पानांच्या वेलांत हे नेहमी दिसते. चार बोटे खोल माती ओलसर असेल, तर जास्तीचे पाणी देऊ नका. आच्छादन करा, कुंडी असेल तर दुपारच्या उन्हातून बाजूला घ्या.
- सकाळीही मान खाली, माती कोरडी. पाणी कमी पडते आहे. पाणी द्या, पण अगदी सुकलेल्या जमिनीत एकदम भरमसाट सोडू नका. हलके पाणी देऊन माती भिजू द्या, मग पुन्हा द्या.
- सकाळीही मान खाली, माती ओली. ही धोक्याची खूण आहे. मुळी गुदमरली आहे, कुजली आहे किंवा खोडातली वाट बंद झाली आहे. आता पाणी दिले तर नुकसान वाढेल. थेट पायरी २ आणि ३ करा.
- सकाळी पानांच्या कडांवर पाण्याचे मणी. टोमॅटो, स्ट्रॉबेरी, नाचणी आणि गवतात हे दिसते. रात्री वाफ होणे जवळपास थांबलेले असते आणि मुळांच्या दाबाने जादा पाणी पानांच्या टोकांतून बाहेर येते. हा रोग नाही. मुळ्या काम करत असल्याची खूण आहे. द्राक्षाच्या छाटणीनंतर काडीच्या टोकातून पाणी ठिबकते तेही याच दाबामुळे. त्यासाठी फवारणीची गरज नाही.

पायरी २ : मुळी उकरून पाहा

पानांवरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा मुळी पाहिली तर निम्मा निकाल हातात येतो. खोडाला खेटून खणू नका. मोठ्या झाडाला दुपारी बाराच्या सावलीची कड जिथे पडते, तिथे खुरप्याने वीतभर खड्डा घ्या. भाजीपाल्याचे रोप मात्र एखादे मुळासकट, मातीच्या गोळ्यासह काढा आणि बादलीतल्या पाण्यात हळू हलवून माती सोडवा. उपटू नका, उपटले की तपासायच्या असतात त्याच बारीक मुळ्या जमिनीत तुटून राहतात.

काय दिसते आणि काय करायचे:

- पांढऱ्या, टणक, भरपूर मुळ्या: वाट इथे मोकळी आहे. दोष खोडात किंवा अन्नद्रव्यात असू शकतो. पायरी ३ आणि ४ पाहा.
- तपकिरी मुळ्या, साल हाताला निसटते, कुजका वास: जमीन सतत ओली राहते आहे. पाणी बंद करा, चर काढून निचरा करा, वाफसा आल्यावर वरची माती हलकी मोकळी करा. खत देऊ नका. घेणारी मुळीच नसेल तर दिलेले खत क्षार होऊन बसते.
- मुळ्यांवर गाठी: सूत्रकृमींची शक्यता आहे. डाळिंब, टोमॅटो, वांगी, भेंडी यांत ही तक्रार नेहमीची आहे. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी मात्र उपयोगी जिवाणूंच्या असतात. त्या बोटाने सहज सुटतात आणि फोडल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळीच फुगलेली असते, ती सुटत नाही.
- मुळ्या कमी, टोके जळाल्यासारखी, मातीवर पांढरी झाक: क्षार किंवा खत जास्त झाले आहे. मातीतले पाणी खारट झाले की मुळीला ते ओढता येत नाही. खते थांबवा. निचरा चांगला असेल तर चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन जाऊ द्या. कुंडी असेल तर तळाच्या छिद्रातून पाणी मोकळे वाहीपर्यंत द्या आणि खालच्या बशीत साठलेले पाणी ओतून टाका.

कपाशीतल्या आकस्मिक मर विकृतीचे कारणही मुळाशीच असते. पावसाची मोठी उघडीप, मग जोराचा पाऊस किंवा भरपूर ओलीत, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत झाडे एकदम लोंबतात. यात बुरशी किंवा जिवाणू कारण नसतात. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि त्यांचे पाणी शोषणे मंदावते. पहिले काम पाणी बाहेर काढण्याचे. वाफसा येताच झाडाच्या बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्या आणि आळवणीची, म्हणजे मुळाशी ओतायच्या द्रावणाची, मात्रा कृषी विज्ञान केंद्राकडून विचारून घ्या. इथे दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.

पुनर्लागवडीतही प्रश्न मुळीचाच असतो. रोप काढताना बारीक तंतुमुळे तुटतातच. म्हणून गादीवाफ्याला आधी पाणी देऊन मगच रोपे काढा, दुपारनंतर ऊन उतरल्यावर लावा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे पाणी चुकवू नका. नवी पांढरी मुळी फुटेपर्यंत खताची घाई करू नका.

पायरी ३ : खोड चिरून पाहा आणि ग्लासची चाचणी करा

मुळ्या बऱ्या दिसतात, माती ओली आहे आणि तरी झाड सुकते, तेव्हा खोडातल्या वाहिन्या तपासा.

१. सुकू लागलेले, पण पूर्ण न वाळलेले एक रोप घ्या.
२. जमिनीलगतचे खोड धारदार चाकूने उभे चिरा. निरोगी खोड आतून पांढरट-हिरवे दिसते. सालीच्या आत तपकिरी रेषा उभ्या धावताना दिसल्या तर बुरशीजन्य मर रोगाचा संशय घ्या. तूर, हरभरा, टोमॅटो, केळी यांत हे प्रकार आढळतात.
३. दुसऱ्या रोपाच्या बुंध्याचा दोन-तीन इंचांचा तुकडा आडवा कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात तुकड्याचे कापलेले टोक बुडवून धरा. हलवू नका. काही मिनिटांत त्या टोकातून दुधट, धुरासारखे धागे पाण्यात खाली उतरू लागले, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. जलवाहिन्यांत वाढलेले जिवाणू त्या धाग्यांच्या रूपाने बाहेर पडत असतात.

ही चाचणी टोमॅटो, वांगी आणि मिरचीत हमखास उपयोगी पडते. जिवाणूंनी जलवाहिनी भरल्यावर ते रोप वाचत नाही. त्यावर औषधांचा खर्च करू नका. रोप मातीसह काढून नष्ट करा, त्या ओळीतले पाणी पुढच्या ओळीत जाऊ देऊ नका, चाकू आणि खुरपे निर्जंतुक करून घ्या. पुढच्या हंगामात त्या जागी टोमॅटोवर्गीय पीक टाळा. मका किंवा ज्वारीसारख्या पिकाची फेरपालट करा, किंवा प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपे घ्या.

डाळिंबात एक फांदी पिवळी पडून सुकते, मग हळूहळू सगळे झाड जाते. तिथे बुंध्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि भुसा आहे का पाहा. मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी आणि खोडाला छिद्रे पाडणारा भुंगेरा या तिन्हींचा उपद्रव डाळिंबात असतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. मुळी, बुंध्याचा तुकडा आणि मातीचा नमुना तपासून घेतल्याशिवाय आळवणी ठरवू नका.

पायरी ४ : पिवळेपणा जुन्या पानावर की नव्या पानावर?

काही अन्नद्रव्ये झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. टंचाई आली की झाड जुन्या पानातून ती काढते आणि शेंड्याला देते, म्हणून लक्षण आधी खालच्या पानावर दिसते. काही अन्नद्रव्ये एकदा पानात पोहोचली की तिथून फारशी हलत नाहीत. त्यांची टंचाई नव्या पानावर दिसते.

आधी खालच्या, जुन्या पानांवर:

- नत्र: सबंध पान एकसारखे फिकट, मग पिवळे.
- पालाश: पानाच्या कडा करपल्यासारख्या.
- मॅग्नेशियम: शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा.
- स्फुरद: पान गर्द हिरवे किंवा जांभळट, वाढ खुंटलेली.

आधी वरच्या, नव्या पानांवर:

- लोह: नवे पान पिवळे ते पांढरट, शिरांची जाळी मात्र हिरवी.
- गंधक: नवे पान शिरांसह फिकट.
- जस्त: पाने लहान, पेरे आखूड, शेंड्याला पानांचा झुपका.
- कॅल्शियम आणि बोरॉन: शेंडा वाकडा होतो किंवा मरतो, फळांवर डाग किंवा तडे दिसतात.

लोहाची कमतरता घरच्या घरी पडताळता येते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा आणि संध्याकाळी ब्रशने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावरच लावा. काही दिवसांत तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला, तर लोहच कमी होते. दोन्ही अर्धे पिवळेच राहिले, तर कारण दुसरे आहे आणि तुमचा पुढचा खर्च वाचला.

चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण सामू (पीएच) जास्त असल्याने ते विरघळत नाही आणि मुळीच्या हाती लागत नाही. अशा जमिनीत आणखी फेरस सल्फेट फेकून उपयोग नाही, तेही अडकते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून मुळीजवळ द्या किंवा चिलेट स्वरूपातले लोह वापरा. चिलेट घेताना प्रकार वाचा. ईडीटीए चिलेट जास्त सामूच्या जमिनीत टिकत नाही. तिथे जमिनीतून द्यायला ईडीडीएचए चिलेट लागते. फवारणीसाठी ईडीटीए चालते. याच जमिनीत पाणी जास्त झाले तरी पिवळेपणा वाढतो, हेही विसरू नका.

मातीतून, ठिबकमधून की पानावरून?

मातीतून. मुख्य अन्नद्रव्यांचा मोठा वाटा इथूनच जायला हवा. खत आळ्यात खोडाजवळ टाकू नका. सावलीच्या कडेच्या आतल्या पट्ट्यात, जिथे पांढरी मुळी आहे तिथे मातीआड करा. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकते. ते वरून विस्कटून टाकले तर मुळीपर्यंत जात नाही. पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली-बाजूला पेरून द्या.

ठिबकमधून. ड्रिपर जिथे, तिथेच मुळी वाढते. रोप लहान असताना खोडाजवळ ठेवलेली नळी झाड मोठे झाल्यावर बाहेर सरकवा. ठिबक चालू केल्यावर आधी नुसते पाणी जाऊ द्या, मधल्या काळात खत सोडा, शेवटी पुन्हा नुसते पाणी सोडून नळ्या धुऊन घ्या. कॅल्शियम नायट्रेट कधीही फॉस्फेट किंवा सल्फेट खतांबरोबर एका टाकीत मिसळू नका. साका तयार होतो, ड्रिपर बंद होतात आणि दोन्ही खते वाया जातात.

पानावरून. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी किंवा मुळी तात्पुरती बंद पडली असताना फवारणी खरोखर उपयोगी आहे. पण ती पोट भरू शकत नाही. हिशेब करून पाहा: हेक्टरी ५०० लिटर पाण्यात २ टक्के युरिया फवारला, तर १० किलो युरिया जातो. त्यात नत्र ४.६ किलो. बहुतेक बागायती पिकांची गरज याच्या कित्येक पट असते. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, पानाची खालची बाजू भिजवा. दुपारी थेंब लगेच वाळतो, क्षार पानावर राहतो आणि पान करपते.

कॅल्शियमचे वेगळे आहे

टोमॅटोच्या फळाचे देठाच्या विरुद्ध टोक काळे, चामड्यासारखे होते तेव्हा दुकानात कॅल्शियमची बाटली हातात मिळते. ती पानांवर फवारली जाते आणि पुढची फळे तशीच निघतात.

कारण सरळ आहे. कॅल्शियम जलवाहिन्यांतून पाण्याबरोबर जाते; रसवाहिन्यांतून ते जवळपास हलतच नाही. पाने भरपूर वाफ सोडतात म्हणून तिकडे पाणी आणि कॅल्शियम जास्त जाते. फळ फार कमी वाफ सोडते. एक-दोन दिवस पाणी तुटले की पाने असेल ते पाणी ओढून घेतात आणि फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडते. पानावर फवारलेले कॅल्शियम तिथून निघून फळात येत नाही.

म्हणून करायचे ते असे:

- फळ धरल्यापासून पाण्याच्या पाळीत चढउतार होऊ देऊ नका. रोज थोडे, ठरल्या वेळी.
- आच्छादन करा, म्हणजे मातीचा ओलावा एकसारखा राहील.
- फळधारणेच्या काळात अमोनियायुक्त नत्र आणि पालाश यांचा अतिरेक टाळा. मुळीवर ते कॅल्शियमशी स्पर्धा करतात.
- फवारायचेच असेल तर कोवळ्या फळांवर थेंब बसेल असे फवारा, फळ लहान असतानाच.
- काळे पडलेले फळ सुधारत नाही. ते काढून टाका.

डाळिंब तडकण्यातही पाण्याच्या अनियमिततेचा मोठा हात असतो. कोरड्या काळात साल घट्ट होते, मग अचानक मिळालेल्या पाण्याने दाणे फुगतात आणि साल फाटते. बोरॉनची कमतरता तपासून घ्या, पण आधी पाण्याचे वेळापत्रक बसवा.

साल म्हणजे झाडाची दुसरी वाट

डाळिंबाची गुटी बांधताना काडीवरची सालीची एक अंगठी काढतात. त्यावरची पाने टवटवीत राहतात, कारण आतल्या लाकडातून पाणी येतच असते. पानांत तयार झालेली साखर मात्र खाली जाऊ शकत नाही. ती कापाच्या वर साठते आणि तिथेच मुळ्या फुटतात. द्राक्षात मण्यांची फुगवण वाढवायला गर्डलिंग करतात, म्हणजे सालीची अशीच अंगठी काढतात, त्यामागेही हेच आहे. कापाची रुंदी काही मिलिमीटरच ठेवतात, म्हणजे जखम लवकर भरून येते. अशक्त, नव्या किंवा पाण्याचा ताण असलेल्या बागेत गर्डलिंग करू नका.

हीच अंगठी चुकून पडली तर झाड जाते. उंदरांनी कुरतडलेली साल, ग्रास कटरचा घाव, खोडात रुतलेली तार, यांचा परिणाम उशिरा दिसतो. वरचा भाग कित्येक आठवडे हिरवा राहतो, खाली मुळ्या उपाशी मरत असतात. पाने वाळू लागली तेव्हा उशीर झालेला असतो. काळजी अशी घ्या:

- आधाराची सुतळी किंवा तार दर हंगामात सैल करा.
- संत्रा-मोसंबीत बुंध्याला पाणी लागू देऊ नका. दुहेरी आळे करा: आतले कोरडे, बाहेरचे पाण्यासाठी. डिंक्या रोग बुंध्याची साल खातो. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर या प्रमाणात बोर्डो मलम करून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला लावा.
- कलमाच्या जोडाखाली आलेली फूट लगेच काढा. ती खुंटाची असते आणि वाहिन्यांतले पाणी-अन्न आधी स्वतःकडे ओढते.
- नारळाच्या खोडाला अशी साल नसते. वाहिन्या सगळ्या खोडात विखुरलेल्या असतात आणि घाव भरून येत नाही. खोडाला पायऱ्या पाडू नका, खिळे मारू नका. कोळी किडीसाठी मुळाद्वारे औषध देण्याची शिफारस आहे: जिवंत मुळीला तिरका काप घेऊन, ५ टक्के ॲझाडिरेक्टिन ७.५ मिली आणि तेवढेच पाणी भरलेली पिशवी तिला बांधतात. काढणीचे नारळ त्याआधी उतरवून घ्या.

शहरात राहत असाल तर सोसायटीच्या झाडांकडे पाहा. बुंध्यापर्यंत काँक्रीट, खोडाभोवती दिव्यांच्या माळांची तार, जाहिरातींचे खिळे, यांमुळे मुळाची आणि सालीची अशा दोन्ही वाटा बंद होतात. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन कायद्यात झाडाला इजा पोहोचवणेही ‘झाड पाडणे’ या व्याख्येत येते. छायाचित्रासह वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा.

आंतरप्रवाही औषध वापरताना

आंतरप्रवाही औषध झाडाच्या वाहिन्यांतून फिरते. स्पर्शजन्य औषध जिथे पडते तिथेच राहते. बहुतेक आंतरप्रवाही कीटकनाशके आणि बुरशीनाशके जलवाहिन्यांतून वरच्या दिशेने जातात. वरून फवारलेल्या औषधाने मुळाचा रोग बरा होईल अशी अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका. सुकलेल्या, ताणावरच्या पिकावर फवारले तर ते आत नीट फिरतही नाही. आधी हलके पाणी द्या, झाड उभे राहू द्या, मग फवारा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आत शिरलेले औषध धुऊन निघत नाही. लेबलावर काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी छापलेला असतो. तो संपेपर्यंत माल तोडू नका, बाजारासाठी नाही आणि घरच्या ताटासाठीही नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

- कोमेजलेले पान पाहून लगेच पाणी देणे, माती न चाचपता.
- मुळी कुजलेली असताना ‘ताकद यावी’ म्हणून खत वाढवणे.
- पिवळेपणा दिसला की सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण मारणे. कोणत्या घटकाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच अंदाज करावा लागतो.
- खोडाशी पाणी, खोडाशी खत, आणि मुळी दूर.
- चार औषधे एका टाकीत. पान करपले तर दोष कशाचा, हे सांगता येत नाही.
- सगळ्या शेतावर एकदम उपचार. आधी एका ओळीवर करून पाहा, शेजारची ओळ तशीच ठेवा.

माती परीक्षण आणि देठ परीक्षण: दोन्ही का?

माती परीक्षण जमिनीत काय आहे ते सांगते. देठ किंवा पान परीक्षण झाडात काय पोहोचले ते सांगते. मातीत पालाश पुरेसे आणि देठात कमी, असे आले तर आणखी पालाश घालण्याआधी मुळी, निचरा आणि क्षार तपासा. दोन्हींत कमी असेल तर खत द्या.

मातीचा नमुना शेतात नागमोडी फिरून, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, हंगामी पिकासाठी वीतभर खोलीचा घ्या. फळबागेसाठी थरांप्रमाणे वेगळे नमुने लागतात. खत टाकलेली जागा, बांध आणि झाडाखालची जागा टाळा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्बासह १२ घटक असतात. फक्त नत्र-स्फुरद-पालाश पाहून ती घडी करून ठेवू नका. द्राक्षात फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. इतर पिकांत कितवे पान, कोणत्या अवस्थेत, हे प्रयोगशाळेला आधी विचारा. चुकीच्या पानाचा अहवाल दिशाभूल करतो.

खरेदी करताना तुमचे हक्क

- खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार विक्रेत्याने पक्की पावती द्यायला हवी आणि साठा व दरफलक दिसेल असा लावायला हवा. पावतीवर बॅच क्रमांक घालून मागा.
- युरियाबरोबर दुसरे उत्पादन घेण्याची सक्ती, म्हणजे लिंकिंग, मान्य करू नका. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या.
- ‘टॉनिक’ म्हणून मिळणारी जैव उत्तेजके २०२१ पासून याच आदेशाखाली आली आहेत. घटक, प्रमाण आणि पीक लेबलावर नसेल तर ती घेऊ नका.
- कीटकनाशकाच्या लेबलावर तुमचे पीक आणि कीड आहे का पाहा. माहितीपत्रक मागणे हा तुमचा हक्क आहे.
- नुकसान झाले तर रिकामा डबा, उरलेला माल, पावती आणि तारखेसह छायाचित्रे जपून ठेवा. कृषी विभागाकडून पंचनामा मागा. शेतकरीही ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची, म्हणजे मालासाठी तुम्ही मोजलेली, रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही.
- मोफत सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर: १८००-१८०-१५५१. मराठीत बोला आणि वरच्या चार पायऱ्यांत काय दिसले ते सांगा. तेवढ्याने सल्ल्याची गुणवत्ता बदलते.

दुकानात जाण्याआधी

वहीत चार ओळी लिहा: कोमेजणे कोणत्या वेळी; मुळीचा रंग कसा; खोड चिरल्यावर काय दिसले; पिवळेपणा जुन्या पानावर की नव्या. या चार ओळी भरल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. निम्म्या वेळा उत्तर निचरा, पाण्याची वेळ किंवा ड्रिपरची जागा यांतच सापडते आणि त्याला पैसा लागत नाही. उरलेल्या वेळी काय मागायचे आणि ते कोणत्या वाटेने द्यायचे, हे तुम्हाला ठाऊक असेल. मग समोरच्याने पुढे केलेली बाटली घ्यायची की नाकारायची, हा निर्णय तुमचा राहील.